प्रधान सरांचं धर्मखातं

आमच्या इथल्या, नेदरलँड्सच्या मराठी मंडळाचं एक मंत्रिमंडळ आहे. नाटकं बसवणारी वीणा सांस्कृतिक मंत्री, दिवाळीच्या जेवणाचं बघणारा नरेंद्र अन्नमंत्री, आणि माझ्याकडे दळणवळण, म्हणजे ईमेल पाठवणं आणि पुढे झूमच्या लिंका पाठवणं. ही सगळी गंमत अध्यक्ष सुरेखाताईंची. २०१९ च्या गणपतीनंतर धर्ममंत्र्याची जागा रिकामी झाली. आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळून शनिवार-रविवार पूजा सांगणारा आमचा अजित आईवडिलांसाठी कायमचा पुण्याला परत गेला.

सुरेखाताईंनी बैठकीत दिनकर प्रधानांचं नाव घेतलं तेव्हा सगळे हसले, कारण सरांचा देवाशी काही संबंध नव्हता. देव आहे का असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "अजून कागद सापडलेला नाही."

कागद हेच त्यांचं आयुष्य होतं. मूळचे ठाण्याचे. तरुणपणी शिष्यवृत्ती घेऊन लायडनला आले, जुनी डच भाषा आणि तिचं वळणदार, गिचमिड हस्ताक्षर वाचायला शिकले, आणि वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या कागदपत्रांत बुडाले ते तिथेच राहिले. डॉक्टरेट झाली, पण पक्की नोकरी कधी मिळाली नाही. कुठे दोन वर्षं शिकव, कुठे कोर्टात दुभाष्याचं काम कर, असं चालायचं. मधल्या काळात त्यांनी वेंगुर्ल्याच्या समुद्रावर दोन कादंबऱ्या लिहिल्या. पुण्यात त्यांचं बरं नाव झालं. आमच्यापैकी फार जणांनी त्या वाचल्या नव्हत्या, पण आपल्यात एक लेखक आहे याचं आम्हाला कौतुक होतं.

पक्की नोकरी होती ती त्यांच्या बायकोची. लीलावतीताई स्किपोल विमानतळाजवळच्या एका मोठ्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. विमानात जेवणाचे ट्रे जातात ना, ते भरण्याचं काम. त्यासाठीच हे कुटुंब लायडन सोडून बाडहूव्हडॉर्पला राहायला आलं. त्या सायकलवरून कामाला जायच्या आणि सर बस पकडून हेगच्या दफ्तरखान्यात. घरातला देवघराचा कोपरा लीलाताईंचा होता. सर त्यात लक्ष घालायचे नाहीत आणि त्यांची थट्टाही करायचे नाहीत.

सरांनी बैठकीत मान हलवून नकार दिला. म्हणाले, मला यातलं काही कळत नाही. सुरेखाताई म्हणाल्या, "मंत्र्याला खात्यातलं कळायला हवं असा नियम कुठाय?" पुन्हा हशा झाला. मग मागच्या रांगेतून लीलाताई बोलल्या. "अहो, घ्या की. संस्कृत येतं, आवाज बरा आहे, आणि रविवारी तुम्ही नुसते बसून तर असता."

अशा रीतीने इतिहासकार आणि कादंबरीकार दिनकर प्रधान आमचे धर्ममंत्री झाले. आडनावानेही ते शोभलं. एक सत्यनारायण झाला, संक्रांत झाली. पोथीतली गोष्ट सांगताना सर मध्येच थांबून ती कुठल्या काळातली असावी ते सांगायचे, आणि लीलाताई मागून खुणेने पुढे चला म्हणायच्या. मार्चमध्ये सगळं बंद झालं. त्या वर्षीचा गणपती झूमवर झाला. तीस घरांतून आरती सुरू झाली आणि प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या मागे पडून नुसता कल्लोळ झाला. सरांनी सगळ्यांना आवाज बंद करायला सांगितलं. म्हणाले, "आपापल्या घरी म्हणा आणि एकमेकांकडे बघा." आम्ही तसं केलं. पडद्यावर सगळ्यांचे ओठ हलताना दिसत होते. लीलाताई डोळे मिटून टाळ्या वाजवत होत्या.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लीलाताई ठाण्याला गेल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, लतिकाताईंचं, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं, आणि त्या एकट्या राहायच्या. मार्चअखेर परत येते म्हणून गेल्या. मग बहिणीला अजून चालता येत नाही म्हणून मुक्काम वाढवला. एप्रिलमध्ये भारतातून बातम्या येऊ लागल्या आणि महिना संपायच्या आत तिकडून नेदरलँड्सला येणारी विमानं बंद झाली.

त्या दिवसांत आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज कुणाच्या तरी घरचं काही यायचं. कुणाला हॉस्पिटलात पलंग हवा, कुणाला ऑक्सिजन. इथे बसून आम्ही नागपूर, पुणे, नाशिकचे नंबर फिरवत राहायचो. मग एका सकाळी लायडनहून अनिमेषचा मेसेज आला की आई गेली.

अनिमेष लायडनच्या सायन्स पार्कमध्ये एका प्रयोगशाळेत कामाला होता, एकुलता एक. आई अमरावतीला. अंत्यसंस्कार चुलत भावांनी उरकले होते. त्याला निदान इथून काहीतरी करायचं होतं, आणि काय करायचं ते माहीत नव्हतं. मी सरांना फोन केला. त्यांना यातलं काही करता येईल असं मला वाटलं नव्हतं, पण दुसरं कुणी नव्हतं. सर म्हणाले, जाऊन येतो.

त्यांनी त्याला लायडनजवळ काटवाइकच्या समुद्रावर नेलं. बरोबर इंडियन दुकानातले तीळ. वारा इतका की तीळ ओंजळीत राहीनात. सरांनी पाठ असलेले काही श्लोक म्हटले, आणि मग त्यांना पुढचं आठवेना. म्हणून ते वाळूत त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, "आईचं माहेरचं नाव काय?"

अनिमेषला ते आठवायला वेळ लागला. कुमुदिनी. सासरी ते बदललं होतं. मग सर विचारत गेले. शाळा कुठली, लग्नाआधी काय करायची, कशावर चिडायची, तिला काय यायचं जे दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. अनिमेषने सांगितलं की आई गल्लीतल्या सगळ्यांचे मिक्सर दुरुस्त करायची, आणि ते कुठे शिकली ते त्याने कधी विचारलं नव्हतं. सरांनी त्याच्या मावशीला फोन लावला. मामाला लावला. तेराव्या दिवशी झूमवर सगळे जमले तेव्हा सरांनी पोथी उघडली नाही. त्यांनी कुमुदिनीबाईंचं आयुष्य पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. आयटीआयमध्ये पहिल्या तुकडीत शिकलेल्या तीन मुलींपैकी ती एक, इथपासून. अमरावतीतली माणसं आणि लायडनमधला मुलगा एकत्र रडले, आणि मावशी म्हणाली की आमची ताई आज पुन्हा भेटली.

ते सगळीकडे पसरलं. मे महिन्यात सरांना फोनवर फोन येत राहिले. एनस्खेडेचा विद्यार्थी, आइंडहोव्हनची नवराबायको, रॉटरडॅमला एक मुलगी जिचे आई आणि वडील एका आठवड्यात गेले. सर प्रत्येकाला तेच विचारायचे. कागद वाचताना लागायचा तोच चष्मा लावून ते नातेवाइकांशी तासन्‌तास बोलायचे. आयुष्यभर त्यांनी मेलेल्या माणसांच्या मागे राहिलेलं वाचलं होतं. आता ती माणसं काल-परवा गेलेली होती.

सगळ्यांना ते रुचलं नाही. मंडळातल्या विनायकच्या वडिलांच्या वेळी पुण्याहून त्याचे काका पडद्यावर आले आणि त्यांनी सरांना गोत्र विचारलं. सर प्रधान, म्हणजे कायस्थ, हे कळल्यावर काका म्हणाले की मग हे सगळं व्यर्थ आहे. विनायक लाजेने खाली बघत होता. सर शांतपणे म्हणाले की काका म्हणतात ते खरं असेल, विधी तुम्ही तिकडे करा, मी फक्त तुमच्या भावाबद्दल दोन शब्द सांगतो. काका उठून गेले. सर बोलायला लागल्यावर थोड्या वेळाने ते परत येऊन बसलेले मला दिसले.

या सगळ्या दिवसांत लीलाताईंचा रोज फोन असायचा. सर त्यांना सांगायचे, आज अमक्याच्या वडिलांचं केलं, ते असे असे होते. लीलाताई ऐकायच्या, जेवलात का विचारायच्या. नंतर सरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मीच बोलायचो. ती काय करते आहे हे मी एकदाही नीट विचारलं नाही. वाटलं, बहिणीकडे आहे, बरी आहे."

मेच्या मध्यावर लीलाताईंना ताप आला. बहिणीला लागण होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःला आतल्या खोलीत कोंडून घेतलं. दोन दिवसांनी धाप लागली. पलंग मिळायला जवळजवळ अख्खा दिवस गेला. आम्ही सगळे इथून फोन करत होतो, मोठ्या ओळखी काढत होतो. सर जायला निघाले. कुठून कुठून वळसा घेऊन जाणारं तिकीट मिळत होतं. पण विमानात चढण्याआधीच्या तपासणीत त्यांचीच चाचणी पॉझिटिव्ह आली. त्यांना खोकलाही नव्हता. डॉक्टरला फोन केला तर पलीकडून सांगण्यात आलं की घरीच राहा, पॅरासिटामॉल घ्या, श्वास लागला तर कळवा. घराच्या दारात मी सूप ठेवून यायची. खिडकीतून सर हात करायचे.

लीलाताई एका गुरुवारी सकाळी गेल्या. लतिकाताईंना उठता येत नव्हतं, आणि येत असतं तरी कुणाला जाऊ दिलं नसतं. पालिकेच्या माणसांनी सगळं केलं. त्यांच्यातल्या एकाने दया येऊन व्हिडिओ कॉल लावला. फोन कुठे धरायचा ते त्याला कळलं नसावं. सरांना बराच वेळ पत्र्याच्या शेडची भिंत दिसली, थोडा धूर दिसला आणि मग कॉल कट झाला.

वैदेही, त्यांची मुलगी, एनस्खेडेहून आली. ती तिथल्या तंत्रविद्यापीठात संशोधन करते. इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये. सरांचं विलगीकरण संपेपर्यंत ती खालच्या मजल्यावर राहिली आणि ते वर. जिन्यावर बसून दोघं बोलायचे.

तेराव्या दिवसाची लिंक मीच पाठवली. इतकी माणसं आली की पडद्याची चार पानं झाली. ज्यांच्या ज्यांच्या आईवडिलांबद्दल सर बोलले होते ते सगळे होते. अनिमेष होता. अमरावतीची ती मावशी होती. ठाण्याहून लतिकाताई होत्या, उशीला टेकून बसलेल्या. विनायकचे काकाही होते.

सर देवघराच्या कोपऱ्यासमोर बसले होते, दाढी वाढलेली, वैदेही शेजारी. त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली.

"लीलावती प्रधान. माहेरची लीला गुप्ते. जन्म ठाण्याचा, वडील म्युनिसिपल शाळेत शिक्षक. बी.ए. झाली. आमचं लग्न झालं, आणि दोन वर्षांनी ती लायडनला आली. मग वैदेहीचा जन्म. मग ती स्किपोलला नोकरीला लागली. त्यानंतर..."

ते थांबले. पुन्हा म्हणाले, "त्यानंतर." खाली बघत राहिले. इतका वेळ गेला की नेट अडकलं असं मला वाटलं. मग त्यांनी मान वर केली, चष्मा काढला, आणि आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाले, "मला माहीत नाही."

इतक्या लोकांच्या आयांचं माहेरचं नाव विचारणारा माणूस आपल्या बायकोबद्दल सात वाक्यांत संपला होता, आणि ते त्याला सगळ्यांच्या देखत कळलं होतं.

तेव्हा वैदेही बोलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतक्या माणसांसमोर मराठी बोलत होती.

"आईला पोहायला यायचं," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"मी शाळेत असताना ती शिकली. तिला पाण्याची फार भीती होती. सगळी छोटी छोटी मुलं असायची तिच्या क्लासमध्ये, सहा वर्षांची. ती एकटीच मोठी. आणि परीक्षेत कपडे घालून पोहावं लागतं इथे, तर ती सलवार-कमीज घालून पोहली. मी काठावर टॉवेल धरून उभा होतो." ती अडखळली. "उभी होते. तिला डिप्लोमा मिळाला. सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या."

"कधी?" सर म्हणाले. "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही दुसरी कादंबरी लिहीत होता, बाबा. ती म्हणाली, पुस्तक झालं की सांगू. मग पुस्तक झालं, आणि..." पुढचे शब्द तिला मराठीत सापडले नाहीत. तिने ते डचमध्ये म्हटले, आणि मग स्वतःच मराठी केलं, "मग राहून गेलं."

वेंगुर्ल्याच्या समुद्रावर दोन कादंबऱ्या लिहिलेला तो माणूस तोंडावर हात ठेवून बसला होता. वैदेही पुढे बोलत राहिली. आई कामावर नाट्यगीतं म्हणायची, आणि ट्रे भरायच्या तिच्या पट्ट्यावरच्या तुर्की बाईला त्यातलं एक पाठ झालं होतं. आईला रशियन सर्कस बघायची होती. आईला सरांचा पहिला नायक आवडायचा नाही, तो बायकोशी कधी बोलतच नाही म्हणून.

एवढ्यात पडद्यावर एक अनोळखी चौकोन उजळला. डोक्याला रुमाल बांधलेली एक वयस्क बाई. वैदेहीने तिला लिंक पाठवली होती. फातिहा, लीलाताईंच्या बरोबर कामाला असलेली, मूळची मोरोक्कोची. ती डचमध्ये बोलली, वैदेहीने आम्हाला सांगितलं. दर वर्षी रमजानमध्ये संध्याकाळची पाळी लीला स्वतःकडे घ्यायची, म्हणजे फातिहाला घरी जाऊन रोजा सोडता यावा. अगदी न चुकता, निवृत्त होईपर्यंत. फातिहाने विचारलं की मी एक प्रार्थना म्हटली तर चालेल का. सर आमचे धर्ममंत्री, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी होकाराची मान हलवली. फातिहाने हात पुढे धरून हळू आवाजात प्रार्थना म्हटली. विनायकच्या काकांनी हात जोडलेले होते.

त्या दिवसानंतर सरांनी एकही तेरावा केला नाही. जूनमध्ये डेल्फ्टच्या एकाचे वडील गेले तेव्हा त्यांनी मला फोनवर सांगितलं की माझ्याने होणार नाही, अनिमेषला विचार. अनिमेषने केलं, आणि नीट केलं. गणपतीच्या आधी सरांनी सुरेखाताईंकडे राजीनामा दिला. सुरेखाताईंनी खूप समजावलं. त्या म्हणाल्या, तुम्ही या लोकांसाठी केलंत ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. सर म्हणाले, "ते सोपं होतं. मी त्यांच्याबरोबर राहत नव्हतो."

डिसेंबरमध्ये ते ठाण्याला गेले. तोवर नवी लाट आली होती, वैदेही नको म्हणत होती, तरी गेले. अस्थींचं विसर्जन कधीच झालं होतं. ते लतिकाताईंकडे राहिले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारायला सुरुवात केली. लीला लहानपणी कशी होती, तिला काय व्हायचं होतं. काठीच्या आधाराने चालणाऱ्या लतिकाताई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"दिनकरराव, मला विचारू नका. माझ्यासाठी आली आणि गेली ती. आणि पस्तीस वर्षं राहिलात तुम्ही तिच्याबरोबर."

पुढे सरांनी काही विचारलं नाही. भाजी आणून द्यायची, लतिकाताईंना जिना उतरवून खालच्या बाकावर बसवायचं, परत वर आणायचं, एवढंच ते करत राहिले. आठवडा गेला असेल. मग एकदा मटार सोलता सोलता लतिकाताई आपणहून म्हणाल्या की लीलाला मटार कच्चेच खायची सवय होती, सोलून होईपर्यंत भाजीपुरते उरायचे नाहीत. सर म्हणाले, हे मला माहीत आहे. एवढं एक त्यांना माहीत होतं. ते ऐकून लतिकाताई रडायला लागल्या, आणि मग दोघंही.

परत आल्यावर ते मला बाडहूव्हडॉर्पच्या सुपरमार्केटमध्ये भेटले. मास्कमुळे आधी ओळखलंच नाही. बरेच वाळले होते. आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. मी विचारलं, आता लीलाताईंवर लिहिणार ना? मला खरंच तसं वाटत होतं. एवढ्या लोकांची आयुष्यं त्यांनी शब्दांत उभी केली होती.

ते म्हणाले, "कादंबरीत जिथे मला कळत नाही तिथे मी रचून घालतो. इतिहासात जिथे कळत नाही तिथे कळत नाही असं लिहितो. तिच्या बाबतीत मला रचायचं नाही. आणि दुसरं लिहायचं तर पानभर 'कळत नाही' एवढंच होईल."

फातिहाच्या घरी ते महिन्यातून एकदा जातात, असं त्यांनी सांगितलं. ती चहा करते आणि आठवेल ते सांगते. तिलाही आता फारसं आठवत नाही. काही गोष्टी ती दुसऱ्यांदा सांगते, ते तशाच ऐकतात.

वैदेही जमेल तसं एनस्खेडेहून येते. ती डचमध्ये बोलते आणि सर मराठीत. पूर्वी ते तिला फक्त अभ्यासाचं विचारायचे. आता जेवताना मध्येच आईचं काहीतरी विचारतात, आईला अमुक आवडायचं का, ती अमक्याबद्दल कधी बोलली का. बऱ्याचदा वैदेही म्हणते, माहीत नाही, बाबा. ती कामाला असायची आणि मी शाळेत. मग दोघं तसेच जेवत राहतात.